घोडीच्या पायावरची गाठ



आमचा भेटीचा गट पाच जणांचा आहे. शनिवारी दुपारी चार वाजता चर्चच्या मागच्या दारापाशी जमायचं, छोटी प्रार्थना म्हणायची आणि दोन-तीन घरं करायची, असा आमचा कित्येक वर्षांचा नेम. ज्यांना मिस्सेला येता येत नाही अशा आजारी, म्हाताऱ्या माणसांची ही घरं. तिथे आम्ही फार मोठं काही करत नाही. बसतो, ऐकतो, प्रार्थना करतो, गोळ्यांचा डबा भरून देतो, विजेचं बिल भरायचं राहिलं असेल तर ते घेऊन येतो.

आज जे लिहितोय ते अशाच एका घराच्या खिडकीतून दिसलं. त्यातलं काही आमच्याच गटातलं आहे. ते लिहावं की नाही यावर आमच्यात दोन आठवडे बोलणं चाललं होतं. ज्या दोघांची ही गोष्ट, त्या दोघांनीच शेवटी सांगितलं, "लिहा. फक्त नावं नकोत, आणि कोण बरोबर, कोण चूक तेही नको." म्हणून या लेखात 'आम्ही' म्हणजे आम्ही पाचही जण.

बेळगावात कॅम्पाच्या पलीकडे एका गल्लीत आमच्या आजी राहायच्या. खुब्याचं हाड मोडल्यापासून त्या खाटेवरच होत्या. खाट खिडकीला लावलेली आणि खिडकीसमोर चाचांचा तबेला. तबेला म्हणजे पत्र्याची एक शेड, एक बग्गी आणि दोन घोडे. बादशहा सतरा वर्षांचा, पांढरा, शांत. दुसरी चांदणी, चार वर्षांची, तांबूस, कपाळावर पांढरा ठिपका. चांदणी चाचांनी कर्ज काढून आणलेली. वरातीला, शिवजयंतीच्या मिरवणुकीला, कधी एखाद्या शाळेच्या कार्यक्रमाला बग्गी जायची. त्यावरच घर चालायचं.

तुळशीचं लग्न होऊन आठवडाच झाला असेल. आम्ही आजींकडे गेलो तर प्रार्थनेच्या आधी त्यांनी बोट वर केलं. "ऐका. एक टाप हलकी पडतेय." आम्हाला काही कळेना. बाहेर चाचांचा मुलगा चांदणीला दुडक्या चालीने गल्लीत पळवून दाखवत होता. दोन वर्षं खिडकीशी पडून राहिलेल्या बाईला डोळ्यांपेक्षा कानांनी जास्त दिसत होतं. दुखणाऱ्या पायावर घोडा पूर्ण भार टाकत नाही, त्यामुळे त्या खुराचा आवाज हलका येतो. आम्ही खिडकीतून पाहिलं तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. डावा पुढचा पाय जमिनीला लागला की घोडी मान वर झटकत होती.

चाचा म्हणाले, "बघा की, सीझन आत्ता सुरू झाला आणि हिला हे झालं." डाव्या पुढच्या पायाला आतल्या बाजूने, गुडघ्याखाली चार बोटांवर लिंबाएवढी सूज आली होती. हात लावला तर गरम. जरा दाबलं की घोडी पाय ओढून घ्यायची.

त्याच दिवसांत आमच्या गटालाही एक दुखणं लागलं होतं. पावसात एका कुटुंबाची भिंत पडली होती. त्यांच्या पत्र्यांसाठी आम्ही 38,400 रुपये जमवले. एकाने हिशोब ठेवला, एकाने खरेदी केली. हिशोब वाचायच्या दिवशी 6,200 रुपयांची पावती सापडेना. हिशोब ठेवणाऱ्याने सगळ्यांसमोर, जरा चढ्या आवाजात विचारलं, "पावती नाही, मग पैसे गेले कुठे?" खरेदी करणाऱ्याने एक शब्दही न बोलता खिशातून 6,200 रुपये काढून टेबलावर ठेवले आणि तो निघून गेला. चार दिवसांनी पावती सापडली. गायनाच्या पुस्तकात, आमच्याच कपाटात. पैशांचा घोळ चार दिवसांत मिटला, पण तो प्रश्न आणि ते टेबलावर ठेवलेले पैसे काही मिटले नाहीत. दोघंही दर शनिवारी यायचे, एकाच खोलीत बसून एकाच देवाची प्रार्थना करायचे आणि जाताना वेगवेगळ्या रस्त्याने जायचे.

पुढच्या शनिवारी गुरांचे डॉक्टर चाचांकडे आले होते. आजींनी हुकूमच सोडला, "आधी घोडीला काय झालंय ते विचारून या, मग प्रार्थना." म्हणून आम्ही पाचही जण तबेल्याच्या दारात जाऊन उभे राहिलो. डॉक्टर तरुण होते आणि त्यांना समजावून सांगायची हौस होती.

त्यांनी आपला हात पुढे धरला. "हे मधलं बोट बघा. घोडा प्रत्येक पायाच्या या एकाच बोटावर उभा असतो. खूर म्हणजे त्या बोटाचं नख. आपण पुढच्या पायाचा गुडघा म्हणतो ते खरं तर त्याचं मनगट." मनगटाखालचं जाड नळीचं हाड म्हणजे आपल्या तळहातातलं मधल्या बोटाचं हाड. शास्त्रज्ञ सांगतात की सुमारे 5 कोटी वर्षांपूर्वी घोड्यांचे पूर्वज कुत्र्याएवढे होते आणि त्यांच्या पुढच्या पायांना चार-चार बोटं होती. बाकीची बोटं हळूहळू गेली. मधल्याच्या दोन्ही बाजूंच्या बोटांची मात्र एकेक बारीक काडी उरली. ही दोन हाडं वरून जाड असतात, खाली निमुळती होत जातात आणि नळीच्या साधारण दोन तृतीयांश लांबीवर छोट्या बटणासारखी संपतात. ती नळीला चिकटलेली नसतात. चिवट तंतूंच्या एका अस्थिबंधाने नळीशी बांधलेली असतात.

"हाच बंध दुखावलाय," डॉक्टर म्हणाले. "घोडी वयाने लहान, डांबरी रस्ता कडक, वर बग्गीचं ओझं." मनगटाचा भार बाहेरच्या काडीपेक्षा आतल्या काडीवर जास्त येतो, म्हणून हा त्रास बहुतेक वेळा पुढच्या पायाला आतल्या बाजूनेच होतो. दोन ते पाच वर्षांच्या घोड्यांत तो जास्त दिसतो. कधी ओझ्याने होतो, कधी चालताना दुसऱ्या पायाचा खूर लागून. बंध ताणला गेला की हाडावरचं पातळ आवरण सुटतं, सूज येते आणि शरीर त्या जागी नवं हाड घालू लागतं. इंग्रजीत याला 'स्प्लिंट' म्हणतात. आपण नुसतं 'हाडाची गाठ' म्हटलं तरी चालेल.

चाचांच्या शेजाऱ्याने लगेच सुचवलं, "डाग द्या की. पूर्वी डागच द्यायचे." चाचांच्या वडिलांनीही कित्येक घोड्यांना तापल्या सळईचे डाग दिले होते. फोड आणणारं जहाल मलमही असायचं. डॉक्टरांनी मान हलवली. "त्याने सुजेवर आणखी सूज येते आणि हाड आणखी वाढतं. पूर्वी डाग दिल्यावर घोड्याला दोन महिने बांधून ठेवायचे. तो बरा व्हायचा तो त्या दोन महिन्यांनी. नाव मात्र डागाचं व्हायचं."

त्यांनी सांगितलेले उपाय अगदी साधे होते. दिवसातून दोन-तीनदा वीस मिनिटं नळाचं गार पाणी. पट्टी. चार-पाच दिवस सूज उतरवणारं औषध. बग्गी बंद. हाताने धरून थोडं चालवायचं, तेही मातीवर. नाल ठोकणाऱ्याला बोलावून खूर सारखे करून घ्यायचे. खुराकात नुसता कोंडा चालला होता, तोही कमी करायचा. कोंड्यात फॉस्फरस फार आणि कॅल्शियम कमी असतं, त्याने कोवळ्या हाडांचं नुकसान होतं. त्याऐवजी लसूणघास आणि खनिज मिश्रण द्यायचं.

"किती दिवस?" चाचांनी विचारलं.

"निदान सहा आठवडे. कदाचित जास्त."

चाचा काही बोलले नाहीत. महिन्याचा हप्ता 7,000 रुपये होता. एकटा बादशहा किती वराती ओढणार?

आम्ही परत आजींकडे गेलो आणि सगळं सांगितलं. खरेदी करणाऱ्याने सांगितलं आणि हिशोब ठेवणाऱ्याने मध्ये दोनदा त्याचं चुकलेलं दुरुस्त केलं. दोन महिन्यांत ते दोघं एका विषयावर पहिल्यांदाच बोलत होते. अर्थात एकमेकांशी नव्हे, आजींशी.

मग आमच्याकडून एक चूक झाली. आता कळतं, तेव्हा ती प्रेमाची गोष्ट वाटली होती. आगमनकाळ चालू होता. नाताळच्या आत हे मिटलंच पाहिजे असं बाकीच्या तिघांनी ठरवलं. चौथ्या रविवारी मिस्सेनंतर आम्ही दोघांना एका बाजूला घेतलं आणि म्हटलं, "बाळ येशूच्या गोठ्यासमोर हात मिळवा." दोघांनी हात मिळवले. एकाने "माफ कर" म्हटलं, दुसऱ्याने "झालं ते झालं" म्हटलं. आम्ही तिघांनी टाळ्या वाजवल्या. अगदी खऱ्या टाळ्या. त्या आठवल्या की आज लाज वाटते.

तिकडे चाचांनीही तेच केलं. पाच आठवडे झाले होते. घोडीची सूज उतरली होती, चालताना लंगडणं दिसत नव्हतं. नाताळनंतरच्या शनिवारी आमच्याच पॅरिशमधलं एक लग्न होतं. चर्चपासून हॉलपर्यंत नवरा-नवरी बग्गीतून जाणार होते आणि त्यांना तांबूस घोडीच हवी होती. पैसेही चांगले मिळणार होते. चाचा म्हणाले, "तीन किलोमीटर तर आहे." डॉक्टरांना त्यांनी विचारलंच नाही.

बग्गी हॉलपाशी पोचेपर्यंत चांदणी मान झटकायला लागली होती. आणि हॉलच्या आत, आहेराची पाकिटं गोळा करणाऱ्या टेबलाशी, कुणीतरी आमच्या हिशोबवाल्याला हसत म्हणालं, "पाकिटं नीट मोजून घ्या हं, नाहीतर परत पावती शोधायला लागेल." तो थट्टा करत होता. पण खरेदी करणारा शेजारीच उभा होता. त्या रात्री जे बोलणं झालं ते पहिल्या भांडणापेक्षा वाईट होतं, कारण आता दोघांकडेही "मी तर माफी मागितली होती" हे नवं हत्यार होतं. पुढच्या शनिवारी आम्ही तिघंच होतो.

आजींनी विचारलं, "बाकीचे दोघं?" आम्ही काहीतरी सांगितलं. त्यांनी खिडकीकडे पाहिलं. चाचा पुन्हा पाण्याची नळी धरून घोडीच्या पायाशी बसले होते. गाठ परत गरम झाली होती, पहिल्यापेक्षा मोठी. आजी म्हणाल्या, "तिला पण घाई केली, होय?" बस्स, एवढंच.

डॉक्टर चाचांवर रागावले नाहीत. म्हणाले, "सगळेच असं करतात. दुखणं थांबलं की आपल्याला वाटतं बरं झालं. दुखणं आधी जातं, जोडणं मागून होतं." या वेळी त्यांनी छोटं एक्स-रे मशीन आणलं होतं. काडीचं हाड मोडलेलं नव्हतं, ही मोठी गोष्ट. पण बंधाच्या जागी नव्या हाडाची कडा पिंजलेल्या कापसासारखी धूसर दिसत होती. "कडा धूसर आहे म्हणजे आत काम चालू आहे," ते म्हणाले. "ती गुळगुळीत होईपर्यंत बग्गी नाही."

आणखी एक गोष्ट त्यांनी त्या दिवशी सांगितली. चांदणी लंगडते हे कळल्यापासून गल्लीतला जो तो येऊन तिची गाठ चाचपून जात होता. 'अजून आहे का? कमी झाली का?' आम्हीही तेच करत होतो. दर शनिवारी पाच जणांची पाच बोटं. डॉक्टर म्हणाले, "हात लावणं बंद करा. नव्या हाडाला रोज कुणी टोचलं तर ते आणखी वाढतं." चाचांनी त्याच दिवशी पट्टीवर आणखी एक जाड फडकं बांधलं. ते औषधासाठी नव्हतं, आमच्या बोटांसाठी होतं.

घरी जाताना आम्ही तिघं गप्प होतो. दोन महिन्यांत आम्ही त्या दोघांना काय-काय विचारलं होतं ते आठवत होतो. 'बोलणं झालं का?' 'आता मनात काही नाही ना?' 'मिस्सेत शांती देताना त्याच्याकडे वळलास का?' आम्ही काळजीने विचारत होतो. पण बोट ते बोटच.

त्या रात्री आम्ही ठरवलं की आता विचारायचं नाही. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत त्या विषयाचा उपवास. दोघांना निरोप दिला, "शनिवारी या किंवा नका येऊ, कुणी काही म्हणणार नाही. काम मात्र आहे." आणि काम खरंच होतं. आजींना पाठीला जखम होऊ लागली होती. दर दोन तासांनी कूस बदलायला लागायची आणि त्यांच्या सुनेच्या एकटीच्याने ते होत नव्हतं. आम्ही पाळ्या लावल्या. हलक्या पाळ्या. जड काम कुणावरही एकट्यावर टाकलं नाही.

दोघंही आले. एक मंगळवारी यायचा, दुसरा गुरुवारी. त्यांच्यामध्ये आजींच्या उशाशी एक वही असायची. कुठल्या कुशीवर किती वाजता वळवलं, काय खाल्लं, कुठली गोळी दिली. पहिल्या आठवड्यात दोघांच्या नोंदी कोरड्या होत्या, वेळ आणि गोळी. चौथ्या आठवड्यात मंगळवारच्या नोंदीखाली लिहिलेलं सापडलं, "उजव्या कुशीवर दुखतं म्हणाल्या. गुरुवारी सांभाळून." गुरुवारच्या नोंदीखाली होतं, "सांभाळलं." वाचलेलं आम्ही कुणालाही सांगितलं नाही.

समोर चांदणीला आधी दोन आठवडे नुसतं उभं ठेवलं. मग तबेल्यामागच्या लाल मातीच्या मोकळ्या जागेत हाताने धरून दहा मिनिटं, मग वीस. मार्चमध्ये मातीवर दुडकी चाल. आजी कान देऊन ऐकायच्या. मातीवर टाप नीट ऐकू येत नाही अशी त्यांची तक्रार असायची. आणि एका शनिवारी चाचा उदास चेहऱ्याने आले. "सूज गेली, आग गेली. पण गाठ तर आता जास्तच दिसते हो." ते खरं होतं. भोवतीची मऊ सूज उतरल्यावर आतलं टणक हाड सुपारीएवढं उघडं पडलं होतं. आधी ते सुजेत लपलं होतं.

डॉक्टरांनी गाठीवर अंगठ्याने जोरात दाबलं. चांदणी शांतपणे लसूणघास चघळत राहिली. "बघा," ते म्हणाले. "गाठ आहे, पण दुखत नाही. विकायला काढलीत तर दोन पैसे कमी येतील. कामाला तिचा त्रास नाही. आता हाड स्वतःलाच घडवेल." मग त्यांनी जे सांगितलं ते आम्ही अजून विसरलो नाही. हाड हे सुकलेलं लाकूड नाही. त्यात दोन तऱ्हेच्या पेशी कायम कामाला असतात, एक हाड कुरतडते आणि दुसरी हाड घालते. जिथे भार पडतो तिथे हाड भरत जातं, जिथे भार नाही तिथलं जास्तीचं हाड हळूहळू काढून नेलं जातं. युलियस वोल्फ नावाच्या जर्मन शल्यविशारदाने 1892 मध्ये यावर पुस्तकच लिहिलं होतं. घाईत टाकलेलं ओबडधोबड नवं हाड असं महिनोन् महिने तासलं जातं. गाठ लहान होते. कधी इतकी लहान होते की शोधायला लागते, कधी जन्मभर राहते.

"कापून काढता नाही येत?" चाचांनी विचारलं.

"येते. काडी मोडली असेल किंवा गाठ मागच्या शिरांना घासत असेल तर काढायला लागतेच. पण नुसती दिसते म्हणून काढली तर बऱ्याचदा ती परत येते." मग ते बादशहाकडे वळले. "याचे पाय पाहिलेत कधी?"

आम्ही पाहिले नव्हते. त्या म्हाताऱ्या घोड्याच्या दोन्ही पुढच्या पायांवर, आतल्या बाजूला, जुन्या गाठी होत्या. दगडासारख्या टणक, थंड, केसांनी झाकलेल्या. चाचा कपाळावर हात मारून हसले. "होय की! हा तीन वर्षांचा असताना दोन महिने बांधून ठेवला होता. विसरूनच गेलो." चौदा वर्षं तो घोडा त्याच पायांवर शहरभर फिरला होता. डॉक्टर म्हणाले की वय वाढतं तसा तो बंधही हाडाचा होत जातो. काडी नळीशी एकजीव होते, आणि मग त्या जागी हा त्रास सहसा होत नाही.

ईस्टरनंतरच्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये योहानाच्या शुभवर्तमानातला थोमाचा प्रसंग वाचला गेला. तो दरवर्षी त्याच रविवारी वाचतात, आम्ही तो लहानपणापासून ऐकतोय. थोमाच्या अविश्वासावर पुष्कळ प्रवचनं ऐकली आहेत. त्या दिवशी मात्र आमचं लक्ष प्रभूच्या हातांकडे गेलं. मरण जिंकून उठलेलं ते शरीर. बंद दारांतून आत येणारं. त्या शरीरावरच्या खुणा पुसून टाकणं देवाला काय अवघड होतं? पण खुणा होत्या. शिष्यांनी त्याला ओळखलं ते खुणांनीच. वेदना गेली होती आणि खूण राहिली होती.

आणि दुसरी गोष्ट. थोमा आठवडाभर म्हणत होता, मी बोट घातल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही. आमच्यासारखाच. पण प्रभूनेच पुढे येऊन आपला हात दाखवला, स्वतःहून बोलावलं. थोमाने खरोखर बोट लावलं की नाही हे योहान सांगत नाही. कदाचित आपण होऊन दाखवलेल्या जखमेला मग चाचपून पाहायची गरजच राहत नसावी.

याकोबाचंही असंच. रात्रभर देवाशी झुंजला, आशीर्वाद घेऊनच सुटला, पण सकाळी निघाला तो लंगडत. आशीर्वाद मिळाला म्हणून पाय पूर्ववत झाला असं उत्पत्तीच्या पुस्तकात कुठे लिहिलेलं नाही.

आम्हाला वाटायचं, मनात गाठ लागते म्हणजे क्षमा झालीच नाही. म्हणून गाठ नाही असं आम्ही त्या दोघांकडून वदवून घेत होतो. आता वाटतं, आमचा प्रश्नच चुकला होता. गाठ आहे की नाही हे विचारण्यापेक्षा ती अजून गरम आहे का, हे बघायला हवं होतं. गरम असेल तर पाणी, पट्टी आणि वेळ. थंड झाली असेल तर काम, आधी मातीवर, मग रस्त्यावर.

आजी जूनमध्ये देवाघरी गेल्या. शेवटच्या शनिवारी त्यांना फारसं बोलता येत नव्हतं. बाहेर पाऊस भुरभुरत होता आणि चाचा चांदणीला पहिल्यांदा डांबरी रस्त्यावर दुडक्या चालीने नेत होते. आजींनी डोळे मिटले होते. टाप ऐकता ऐकता त्यांनी खाटेच्या कडेवर बोटाने ठेका धरला. तो सारखा होता.

अंत्यविधीचा खर्च त्यांच्या सुनेला झेपणारा नव्हता. पुन्हा पैसे जमवायचे होते, पुन्हा पावत्या होत्या. कोण काय करणार हे आम्ही तिघांनी मुद्दामच ठरवलं नाही. मातीच्या आदल्या रात्री खरेदी करणारा पेटीच्या दुकानातून आला. त्याने पावती खिशातून काढली, हिशोबवाल्यासमोर ठेवली आणि म्हणाला, "तूच लिही." हिशोबवाल्याने लिहिलं, मग वही त्याच्याकडे फिरवून म्हणाला, "आता तू सही कर. इथून पुढे प्रत्येक ओळीला दोन सह्या." तेव्हापासून आमच्या हिशोबाच्या वहीत प्रत्येक ओळीला दोन सह्या असतात. जिथे बंध ताणला गेला होता, तिथे आता हाड आहे.

ते दोघं पूर्वीसारखे मित्र झाले का? नाही. पूर्वी ते एका स्कूटरवर यायचे, आता दोन स्कूटरवर येतात. कधी कुणी हिशोबाबद्दल थट्टा केली की क्षणभर दोघंही गप्प होतात. पण मग त्यांच्यातलाच एक जण हसतो. परवा तर खरेदी करणाऱ्याने स्वतःच ती पावतीची गोष्ट एका नव्या स्वयंसेवकाला सांगितली, हिशोबवाल्याच्या देखत. कुणी विचारलं नव्हतं.

चांदणीची गाठ आता चिंचोक्याएवढी आहे. शेवटच्या एक्स-रेमध्ये कडा गुळगुळीत आली. चाचा म्हणतात, आणखी कमी होईल. डॉक्टर म्हणतात, बहुतेक एवढीच राहील. या मोसमात तिने अकरा वराती ओढल्या. हप्ते थकले होते, ते फिटत आलेत. आम्ही त्या गल्लीतून गेलो की बादशहाच्या आणि तिच्याही पायांकडे नजर जाते. हात मात्र लावत नाही.

या आठवड्यात आपल्या प्रत्येकाच्या मनातली एक जुनी गाठ प्रभूसमोर ठेवूया. ती दुसऱ्याच्या बोटाने तपासायची नाही, आपणही रोज दाबून पाहायची नाही. आणि आपल्या ओळखीत कुणी अशी गाठ घेऊन चालत असेल तर त्याला टाळ्या वाजवून घाई करूया नको. त्याच्या ओझ्यातलं थोडं आपण उचलूया.

हे प्रभू, ज्या हातांवर खुणा होत्या ते हात तू लपवले नाहीस. आमच्या गाठींचीही आम्हाला लाज वाटू देऊ नकोस. ज्या अजून गरम आहेत त्यांना विसावा दे, ज्या थंड झाल्या आहेत त्यांना कामाला लाव. आणि आजींना तुझ्या घरी अशी खिडकी दे, जिथून रस्ता दिसेल. आमेन.